पार्किन्सन्स आणि संसार: जोडीदाराला सांभाळण्याच्या पायऱ्या

निदान झाल्यावर पहिल्या काही दिवसांत घरात एक गोष्ट हमखास घडते. शर्टाची बटणं लावून द्यायला कुणीतरी पुढे होतं, पाण्याचा पेला थेट तोंडाशी नेला जातो, फोन वाजला की "थांब, मीच बोलते" सुरू होतं. यात माया असते तशी घाईही असते. पण पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, वर्षानुवर्षं चालणारा आजार आहे आणि एकदा काढून घेतलेलं काम सहसा त्या हातात परत जात नाही. म्हणून मदत कशी करायची हे शिकताना ती कधी करायची नाही हेही शिकावं लागतं. हा लेख नवरा किंवा बायको म्हणून सांभाळणाऱ्यांसाठी आहे. औषधांबद्दल यात जे आहे ते डॉक्टरांशी नेमकं बोलता यावं म्हणून, डोस घरच्या घरी बदलण्यासाठी नव्हे.

पायरी 1: आजाराची चाल ओळखा

मेंदूत खोलवर सब्स्टान्शिया नायग्रा नावाचा छोटासा भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारं रसायन, तयार करतात. या पेशी हळूहळू मरत जातात आणि थरथर किंवा मंदपणा डोळ्यांना दिसेपर्यंत त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. पहिला फटका बसतो तो विचार न करता होणाऱ्या हालचालींना: चालताना हात हलणं, पापण्यांची उघडझाप, लाळ गिळणं, कुणी दिसलं की चेहऱ्यावर येणारं हसू. थरथर सगळ्यांनाच होते असं नाही. काहींना नुसता ताठरपणा आणि मंदपणा असतो. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं हे निदानाच्या कितीतरी वर्षं आधीपासून चालू असू शकतं, तेव्हा "आपल्या आधीच कसं लक्षात आलं नाही" म्हणून स्वतःला बोल लावत बसू नका.

लेव्होडोपा हे औषध 1960 च्या दशकात वापरात आलं आणि आजही त्याच्याइतकं परिणामकारक दुसरं औषध नाही. ते डोपामिनची उणीव भरून काढतं, पेशींचं मरणं थांबवत नाही. संसाराच्या दृष्टीने यातली कळीची गोष्ट अशी, की एकाच माणसाची ताकद तासातासाला बदलते. दहा वाजता जिना चढलेला माणूस बारा वाजता खुर्चीतून उठू शकत नाही. हे नाटक नाही आणि आळसही नाही. "मघाशी तर जमलं होतं!" हे वाक्य घरातून हद्दपार करा.

पायरी 2: गोळ्यांचं घड्याळ लावा

एवढी एकच पायरी नीट जमली तरी पुढच्या निम्म्या अडचणी कमी होतात, म्हणून इथे जरा थांबू.

लेव्होडोपा रक्तात फार वेळ टिकत नाही. कार्बिडोपा या तिच्यासोबत दिल्या जाणाऱ्या साहाय्यक औषधाच्या जोडीने घेतली तरी साधारण दीड तासात तिचं प्रमाण निम्म्यावर येतं. सुरुवातीच्या वर्षांत मेंदूतल्या उरलेल्या पेशी तिचा साठा करून पुरवून पुरवून वापरतात, त्यामुळे दिवसाला तीन गोळ्यांवर भागतं. पुढे साठवण्याची ताकद जाते आणि गोळीचा असर उतरला की शरीर अडतं. तेव्हा "सकाळ-दुपार-संध्याकाळ" असा ढोबळ हिशेब चालत नाही. आठ म्हणजे आठ.

गजर आधी त्यांच्याच फोनवर किंवा मनगटावरच्या घड्याळात लावा. तुमचा गजर पाच मिनिटांनी, राखीव म्हणून. जोवर त्यांना स्वतः गोळी घेता येते तोवर ती त्यांनीच घ्यावी. तुम्ही फक्त डबीचा तो कप्पा रिकामा झाला का ते बघा.

गोळी भरपूर पाण्यासोबत, जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवून तासभर झाल्यावर घेतलेली बरी. अन्नातली प्रथिनं पचून तयार होणारी अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा एकाच वाटेने आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातात. गर्दी झाली की औषध मागे राहतं. याचा अर्थ प्रथिनं बंद करायची असा मुळीच नाही, कारण या आजारात वजन घटतं आणि स्नायू झिजतात. वेळ फक्त बदलायची. सुरुवातीला रिकाम्या पोटी मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून सोबत काहीतरी हलकं घेता येतं. लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लेव्होडोपात किमान दोन तासांचं अंतर ठेवा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटून किंवा चावून द्यायच्या नसतात.

एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन द्यायच्या नाहीत. अशा वेळी काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा. आणि काहीही झालं तरी औषध एकदम बंद करू नका. अचानक बंद केल्यास अंग लाकडासारखं ताठ होणं, जोराचा ताप, शुद्ध हरपणं असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो.

आता यादी, जी फोनमध्ये आणि पाकिटात दोन्हीकडे असावी. डोपामिन अडवणारी काही औषधं अगदी साध्या तक्रारींवर लिहून दिली जातात: उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, चक्करेसाठी सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, आक्रमकपणा शांत करायला हॅलोपेरिडॉल. यांनी पार्किन्सन्सची लक्षणं वाढतात. सेलेजिलिन किंवा रासाजिलिन ही पार्किन्सन्सवरची औषधं चालू असतील तर खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, वेदनेसाठीचं ट्रॅमाडॉल आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या यांच्याशी धोकादायक गाठ पडू शकते. नवं काहीही देण्याआधी, मग ते दुकानातून नुसतं मागून आणलेलं का असेना, मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा.

पायरी 3: भेटीआधी तीन दिवसांची नोंद ठेवा

डॉक्टरांसमोर पंधरा मिनिटं मिळतात आणि त्या पंधरा मिनिटांत जोडीदार नेमका छान चालून दाखवतो. मग "तसं बरं आहे" यावर भेट संपते. त्याऐवजी आधीचे तीन दिवस वहीत वेळा टिपा, विशेषणं न लावता:

8:00 गोळी. 8:40 हात मोकळा, दाढी स्वतः केली. 10:15 मान आणि खांदे नाचल्यासारखे हलत होते, त्यांना त्रास नव्हता. 11:15 पाय जड. 11:30 वरचं बटण लागेना. 12:00 गोळी. 12:50 पुन्हा मोकळे.

एवढ्यावरून डॉक्टरांना कळतं की गोळीचा असर पुढच्या गोळीच्या पाऊण तास आधीच उतरतोय आणि मध्ये थोडा जास्तही होतोय. मग ते डोस छोटे करून जवळजवळ आणतील, किंवा असर लांबवणारं दुसरं औषध जोडतील. "दुपारी त्रास होतो" या तक्रारीवरून असं काहीच ठरवता येत नाही. त्यांच्या संमतीने घेतलेले, दोन वेगवेगळ्या वेळचे चालण्याचे व्हिडिओही फार उपयोगी पडतात.

ते अंग नाचणं, म्हणजे डिस्कायनेशिया, बघणाऱ्याला भयंकर वाटतं. पण पुष्कळ रुग्ण ताठ होऊन अडकून पडण्यापेक्षा हे पत्करतात. डोस कमी करा असं डॉक्टरांना सांगण्यापूर्वी जोडीदाराला काय हवंय ते विचारा.

पायरी 4: कामं वाटून घ्या, हिसकावून नको

अंघोळ, बाहेर जाणं, व्यायाम, बँकेचं काम, महत्त्वाचं बोलणं हे सगळं गोळी चढलेल्या वेळात बसवा. मागाहून "किती उशीर!" म्हणण्यापेक्षा तयार व्हायला आधीच दुप्पट वेळ धरा. घाई केली की ताण येतो आणि ताणाने थरथर आणि अडकणं दोन्ही वाढतात. म्हणजे घाईने उशीरच होतो.

एखादं काम जमेनासं झालं तर आधी वस्तू बदलून बघा: बटणांच्या जागी चिकटणारी पट्टी, नाडीच्या जागी इलॅस्टिक, जाड मुठीचा चमचा, बसून अंघोळ करायला न घसरणारी खुर्ची. तरीही नाही जमलं तर कामाचा फक्त अडलेला तुकडा तुम्ही करा. शर्ट त्यांनी घालावा, वरचं एक बटण तुम्ही लावावं. एका वेळी एकच सूचना द्या. "उठ, चप्पल घाल, आणि चष्मा घे" या एका वाक्यात तीन कामं आहेत.

व्यायाम हा औषधाचाच भाग समजा. आठवड्याला साधारण 150 मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतपत जोराचा, जोडीला तोल सांभाळण्याचे, ताकदीचे आणि अंग ताणण्याचे प्रकार, असा सल्ला दिला जातो. नाचणं आणि ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) यांचाही उपयोग होतो. फिजिओथेरपिस्ट शोधताना पार्किन्सन्सचे रुग्ण नेहमी बघणारा असेल तर उत्तम.

पायरी 5: पाय अडतो तेव्हा

दाराच्या चौकटीत, अरुंद जागेत, वळताना किंवा गर्दीत पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. शरीराचा वरचा भाग पुढे जायला निघालेला असतो, पावलं मात्र जागीच थरथरत राहतात. अशा वेळी आपला हात आपसूक पुढे जातो आणि आपण ओढतो. तिथेच माणूस पडतो.

ओढू नका. "थांबूया" म्हणा. त्यांना सरळ उभं राहू द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर झुलवू द्या, मग आकडे मोजत किंवा ताल धरत मोठं पाऊल टाकायला सांगा. तुमचं पाऊल त्यांच्यासमोर आडवं ठेवून "हे ओलांड" म्हटलं तर थिजलेला पाय कित्येकदा सहज उचलला जातो. आपोआप चालण्याची वाट बिघडलेली असते, पण समोर काहीतरी दिसलं किंवा ताल ऐकू आला की मेंदू दुसरी वाट वापरतो. म्हणूनच नेहमी अडणाऱ्या जागी जमिनीवर ठळक रंगाच्या आडव्या पट्ट्या चिकटवतात. वळताना जागच्या जागी गर्रकन फिरायचं नाही, मोठा वळसा घ्यायचा. चालताना हातात काही धरायचं नाही आणि बोलायचंही नाही. बोलायचं असेल तर थांबून.

घरात सुटे गालिचे, वाटेतल्या वायरी, निसरडी न्हाणीघरं, रात्रीचा अंधार या चार गोष्टी आधी निपटा. खुर्ची उंच आणि हातांची हवी.

उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब तपासा: पाच मिनिटं आडवं राहिल्यावर एकदा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना कळवा. तोवर अंथरुणावरून उठताना काठावर दोन मिनिटं बसून मगच उभं राहायचं.

पडलेच तर लगेच उचलायला धावू नका. आधी कुठे दुखतंय ते विचारा. डोकं आपटलं असेल किंवा पाय हलवता येत नसेल तर हलवू नका, मदत बोलवा. एरवी एक भक्कम खुर्ची जवळ सरकवा आणि कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग खुर्चीच्या आधाराने त्यांनाच उठू द्या. तुमची पाठ गेली तर घरात दोन रुग्ण होतील.

पायरी 6: गिळणं आणि पोट

जेवताना खोकला येणं, घोट घेतल्यावर आवाज घोगरा किंवा ओला वाटणं, जेवणाला तास लागणं, वजन उतरणं, छातीत वारंवार कफ होणं ही गिळण्याच्या बिघाडाची चिन्हं. अन्न श्वासनलिकेत गेल्याने होणारा न्यूमोनिया या आजारात गंभीर ठरतो, म्हणून चिन्हं दिसताच स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. द्रव घट्ट करायचे का, हनुवटी खाली घ्यायची का हे त्या तपासणीनंतर ठरतं. ऐकीव युक्त्या नकोत. घरी एवढं करा: ताठ बसून, लहान घास, एक गिळल्यावर दुसरा, टीव्ही बंद, जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

बद्धकोष्ठतेकडे किरकोळ म्हणून दुर्लक्ष होतं. पोट तुंबलं की औषधही नीट शोषलं जात नाही, आणि मग "गोळी चालत नाही" असं वाटायला लागतं. पाणी, तंतुमय आहार, चालणं, आणि त्यानेही नाही भागलं तर डॉक्टरांनी दिलेलं रेचक.

पायरी 7: चेहरा, आवाज, मन

नवरा-बायकोत सर्वांत जास्त गैरसमज इथे होतात. चेहऱ्याचे स्नायू हलेनासे होतात, त्यामुळे माणूस रागावलेला किंवा कंटाळलेला दिसतो. तुम्ही उत्साहाने काही सांगता आणि समोर दगडी चेहरा. तेव्हा चेहऱ्यावरून अर्थ काढणं बंद करा आणि सरळ विचारा, "आवडलं का?" उत्तराला वेळ लागेल. थांबा, आणि त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. पाहुण्यांनी तुम्हालाच "यांची तब्येत कशी आहे?" विचारलं तर तो प्रश्न जोडीदाराकडे वळवा.

आवाज लहान होतो, पण त्यांना स्वतःला तो नेहमीसारखाच वाटतो. उलट मोठ्याने बोलायला सांगितलं की आपण ओरडतोय असं वाटतं. मोठ्या आवाजाची सवय लावणाऱ्या एलएसव्हीटी लाऊडसारख्या थेरपीने बराच फरक पडतो. घरी मात्र दुसऱ्या खोलीतून हाका मारून संवाद करू नका, जवळ जाऊन समोर बसा.

उदासी, चिंता आणि निरिच्छपणा हे मेंदूतल्या बदलांमुळेही येतात. "मन खंबीर कर" या उपदेशाने ते जात नाहीत. निरिच्छ माणसाला "फिरायला जायचं का?" विचारलं तर "नको" येणारच. "पाच वाजता निघूया" म्हणून बघा.

शरीरसंबंधांबद्दल दोघंही गप्प बसतात आणि डॉक्टरही स्वतःहून विचारत नाहीत. इच्छा कमी होणं, ताठरता न येणं, दमणूक यांवर उपाय असतात. गोळी चढलेली वेळ निवडणं हाही त्यातलाच एक. विषय तुम्हीच काढा.

याच्या उलट टोकाची गोष्टही असते, आणि ती घराला अंधारात ठेवून येते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा पार्किन्सन्सवरच्याच औषधांनी काही जणांना अनावर आवेग येतात: जुगार, बेसुमार खरेदी, सतत खाणं, अति कामेच्छा. आजवर कधी पैशाची उधळपट्टी न केलेला माणूसही यात सापडतो. हा स्वभावदोष नसून औषधाचा परिणाम आहे, आणि डोस हळूहळू कमी केल्यावर तो सहसा ओसरतो. ही औषधं सुरू होतानाच दोघांनी मिळून बँकेच्या व्यवहारांवर नजर ठेवायचं ठरवा. नंतर ठरवायला गेलं की तो अविश्वास वाटतो.

पायरी 8: रात्र आणि भास

स्वप्नात कुणाशी मारामारी चालू आहे आणि लाथ तुम्हाला बसते. हा झोपेचा एक ओळखीचा विकार आहे, त्यावर औषध मिळतं. तोवर बाजूचं टेबल दूर सरकवा, पलंग बुटका ठेवा, आणि वेगळ्या पलंगावर झोपायची लाज वाटू देऊ नका. कूस बदलता येत नसेल तर कमरेखाली सॅटिनचा तुकडा पसरा. पायांकडे मात्र साधीच चादर हवी, टाचा रोवता आल्या पाहिजेत.

पुढच्या टप्प्यात कोपऱ्यात मूल उभं दिसणं, भिंतीवर प्राणी दिसणं असे भास होऊ शकतात. वाद घालू नका, होकारही भरू नका. "मला दिसत नाही, पण तुला दिसतंय ना. मी इथेच आहे," आणि दिवा लावा. भास किंवा गोंधळ अचानक, एक-दोन दिवसांत वाढला तर आजार बळावला असं गृहीत धरू नका. आधी लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, नवं औषध यांचा शोध घ्यायला सांगा. भासांवर औषध लागलंच तर क्वेटियापिन किंवा क्लोझापिनसारखी मोजकीच चालतात, तीही देखरेखीखाली.

पायरी 9: कागद आणि कठीण प्रश्न लवकर उरका

मृत्युपत्र, खात्यांवरचे अधिकार, उपचारांबद्दलची इच्छा हे विषय जोडीदाराचा निर्णय स्पष्ट असताना आणि सही नीट जमत असताना उरका. अक्षर बारीक होत जातं, तेव्हा बँकेतली सही वेळीच बदलून घ्या. निर्णयक्षमता गेल्यावर मुखत्यारपत्र चालेल का, हे आपल्या इथल्या वकिलाला विचारा. गाडी चालवायची की नाही हा निर्णय डॉक्टरांवर सोपवा. घरात तुम्ही त्यात खलनायक होण्यात काही हशील नाही.

पायरी 10: तुमचा वाटा

"काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्यांना पुढच्या वेळी नेमकं काम सांगा: मंगळवारी चार ते सहा इथे बसशील का? तुमच्या स्वतःच्या तपासण्या कॅलेंडरवर लिहा, त्यांच्या तारखांइतक्याच ठळक. तुमची झोप मोडत असेल, विनाकारण रडू येत असेल, जोडीदारावर हात उगारला जाईल अशी भीती वाटत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांशी बोला. स्वमदत गटात शुभंकर (सांभाळणारे) आणि शुभार्थी (रुग्ण) दोघंही भेटतात. तिथे एकदा तरी एकट्याने जा, कारण जोडीदारासमोर बोलता येत नाहीत अशा गोष्टी असतात. आणि दिवसातला थोडा वेळ आजाराचा विषय न काढता दोघांनी घालवा. पत्ते खेळा, भांडा, काहीही.

पायरी 11: इस्पितळात जावं लागलं तर

पार्किन्सन्ससाठी नव्हे, तर दुसऱ्याच कारणासाठी भरती झाल्यावर गोळ्यांच्या वेळा सर्वांत जास्त चुकतात. वॉर्डात औषधं ठरलेल्या फेरीत वाटली जातात, तुमच्या जोडीदाराचं घड्याळ त्यात बसत नाही. त्यासाठी एक पान कायम तयार ठेवा: गोळ्यांची नावं, डोस, मिनिटांसह वेळा, पायरी 2 मधली टाळायच्या औषधांची यादी, गिळण्याची अडचण, मेंदूविकारतज्ज्ञांचा फोन. सोबत मूळ पाकिटांतल्या काही दिवसांच्या गोळ्या. भरती होताच पान परिचारिकेच्या हातात द्या आणि एक प्रत पलंगाशी लावा. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवणार असतील तर गोळ्यांचं काय करायचं, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा. घोटभर पाण्यासोबत घेता येतील का, नाहीतर नळीवाटे किंवा पॅचने देणार का? डीबीएसचं, म्हणजे मेंदूत तारा घालून विजेचे सौम्य स्पंद देणारं, यंत्र बसवलेलं असेल तर एमआरआय, शस्त्रक्रियेतली विजेची उपकरणं आणि डायथर्मी (विद्युतलहरींनी शेक देण्याचा उपचार) यांच्याआधी तसं सांगणं सक्तीचं आहे. यंत्राचं कार्ड त्याच पानाला टाचून ठेवा. घरी सोडताना नवा कागद मिळतो, त्यावरच्या वेळा जुन्या पानाशी ताडून बघा, आणि "दिवसातून चार वेळा" असं मोघम लिहिलेलं असेल तर तिथेच बसून दुरुस्त करून घ्या.